तेवीस देशांचे चित्रपट आणि कोल्हापूरची एक झोपडी

इ. स. १९५२ च्या आरंभी भारतात पहिली सार्वत्रिक निवडणूक चालू होती. ऑक्टोबर १९५१ मध्ये सुरू झालेले मतदान फेब्रुवारीपर्यंत चालले. बहुसंख्य मतदारांना अक्षरओळख नव्हती. म्हणून पक्षांना चिन्हे दिली गेली होती, आणि बैलजोडी, झाड, झोपडी, विळा-कणीस अशा चित्रांच्या आधारे कोट्यवधी माणसे आपले राज्य कोणी चालवावे हे ठरवीत होती. चित्राला अक्षराचे काम करता येते, ही गोष्ट त्या हिवाळ्यात सरकारनेच अधिकृतपणे मान्य केली होती असे म्हणावयास हरकत नाही. नेमक्या त्याच दिवसांत, २४ जानेवारी ते १ फेब्रुवारी या काळात, मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. आशिया खंडात असा महोत्सव त्यापूर्वी भरला नव्हता.

महोत्सवाची सारी व्यवस्था केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनकडे होती. ही संस्था १९४८ मध्ये स्थापन झालेली, म्हणजे अवघी चार वर्षांची. तिचे प्रमुख मोहन भवनानी हे मूकपटांच्या काळापासूनचे दिग्दर्शक. त्यामुळे सरकारी कामाला धंद्यातील माणसाचा हात लागला. २३ देशांनी भाग घेतला. पूर्ण लांबीचे ४० चित्रपट आणि सुमारे १०० लघुपट दाखविले गेले. मुंबईनंतर ही सारी रिळे दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे नेण्यात आली. दिल्लीत २१ फेब्रुवारीस पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी महोत्सवाचे उद्घाटन केले. या महोत्सवात स्पर्धा नव्हती आणि बक्षिसेही नव्हती. हा तपशील लहान दिसतो, पण त्याचे महत्त्व मोठे आहे.

चित्रपट महोत्सव या कल्पनेचा जन्मच मुळी राष्ट्राराष्ट्रांच्या चढाओढीत झालेला होता. व्हेनिसचा महोत्सव १९३२ मध्ये सुरू झाला आणि लवकरच तेथे मुसोलिनीच्या नावाचा चषक देण्यात येऊ लागला. जर्मनी आणि इटली यांनी बक्षिसे आपसांत वाटून घेतल्याचा बोभाटा १९३८ मध्ये झाला, तेव्हा फ्रान्सने कान येथे आपला वेगळा महोत्सव भरविण्याचे ठरविले. महायुद्धामुळे तो १९४६ पर्यंत लांबला. कानला कोणता चित्रपट पाठवावयाचा हे पुढे कित्येक वर्षे त्या त्या देशाचे सरकार किंवा अधिकृत मंडळच ठरवीत असे. तेव्हा पडद्यावर दिसे ती केवळ दिग्दर्शकाची कृती नसे; ती त्या देशाची वकिलातही असे. या व्हेनिसमध्येच १९३७ साली प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ गौरविला गेला होता. सत्तेच्या झगमगाटात भरलेल्या त्या मेळ्यात देहूच्या वाण्याने मान मिळवावा, हा दैवाचा मोठाच विनोद म्हणावा लागेल. तुकोबांनी राजाचे आमंत्रण कसे नाकारले हे त्या चित्रपटातच होते.

मुंबईच्या प्रेक्षकाला परदेशी चित्रपट नवा नव्हता. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली, तेव्हापासून हे शहर परदेशी पडदा पाहत आले होते. परंतु परदेशी म्हणजे बहुधा इंग्रजी आणि इंग्रजी म्हणजे बहुधा अमेरिकन, असा व्यवहार होता. १९२७-२८ मध्ये दिवाणबहादुर रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने चौकशी समिती नेमली, तेव्हा भारतातील चित्रपटगृहांत परदेशी, आणि त्यांतही अमेरिकन, चित्रपटांचेच प्राबल्य आहे हे उघड झाले. अमेरिकन माल हटवून त्या जागी साम्राज्यातील, म्हणजे ब्रिटिश, चित्रपट बसवावेत अशी राज्यकर्त्यांची इच्छा होती. समितीने ती मानली नाही. उत्तेजन द्यावयाचे तर ते भारतीय चित्रपटाला द्यावे, असे तिचे मत पडले. समितीपुढे साक्ष देणाऱ्यांत दादासाहेब फाळके होते. एका परक्या चित्रसृष्टीच्या जागी दुसरी परकी चित्रसृष्टी आल्याने आपले काही साधत नाही, हा विचार त्या काळी सरकारी अहवालात यावा याचे आजही कौतुक वाटते. पण अहवाल कपाटात गेला आणि व्यवहार होता तसाच राहिला. त्यामुळे इटली, जपान, रशिया यांसारख्या देशांचे इतके चित्रपट एकाच आठवड्यात, एकाच शहरात पाहावयास मिळणे हा १९५२ च्या प्रेक्षकाला पहिलाच अनुभव होता.

त्या आठवड्याचे नाव इटलीच्या खात्यावर लिहिले गेले. रॉसेलिनीचा ‘रोम, खुले शहर’, दे सिकाचा ‘सायकलचोर’ आणि त्याचाच ‘मिलानमधील चमत्कार’ असे तीन चित्रपट इटलीकडून आले होते. यांपैकी पहिल्याचे चित्रण १९४५ च्या प्रारंभी सुरू झाले. रोममधून जर्मन सैन्य निघून गेल्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते. कोरी फिल्म मिळत नव्हती, कलागृहे धड नव्हती, विजेचा भरवसा नव्हता. मिळतील ते तुकडे जोडून काम चालले होते. पराभूत, उपाशी, फाटक्या देशाकडे दाखविण्यासारखे एवढेच उरले होते की, आपण या काळात कसे वागलो. तेच रॉसेलिनीने दाखविले.

‘सायकलचोर’ची कथा सांगावयास चार वाक्ये पुरतात. बेकार माणसाला भिंतीवर जाहिराती चिकटविण्याची नोकरी मिळते. तिच्यासाठी सायकल हवी, म्हणून बायको घरातील चादरी गहाण टाकते. पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. तो आणि त्याचा लहान मुलगा रोमभर तिचा शोध करीत फिरतात. शेवटी तो स्वतःच एक सायकल चोरावयास जातो, पकडला जातो आणि मुलाच्या देखत अपमानित होऊन घराकडे चालू लागतो. नायकाचे काम करणारा लाम्बेर्तो माज्जोरानी हा कारखान्यातला कामगार होता. त्याने पूर्वी कधी अभिनय केला नव्हता. ज्या शहरात चादर-भांडे गहाण टाकून महिनाअखेर गाठणारी कुटुंबे चाळीचाळीतून राहत होती, त्या शहराला ही गोष्ट समजण्यास इटालियन भाषा येण्याची गरज नव्हती. ‘मिलानमधील चमत्कार’ची तऱ्हा निराळी. त्यातील झोपडपट्टीची माणसे अखेरीस झाडूंवर बसून आकाशात उडून जातात. पृथ्वीवर त्यांच्यासाठी जागा नाही, हे सांगण्याची ती एक खोडकर रीत होती. वास्तववाद म्हणजे कुरकुरणे असे समजणाऱ्यांनी हा चित्रपट अवश्य पाहावा.

आता यातला उलटा धागा पाहण्यासारखा आहे. ज्या चित्रपटांनी युद्धानंतरच्या इटलीला जगात पुन्हा मान मिळवून दिला, ते तिच्या सरकारला मात्र आवडत नव्हते. मुंबई-दिल्लीचे प्रेक्षक हे चित्रपट पाहत होते त्याच वर्षाच्या आरंभी, मनोरंजनाचे खाते सांभाळणारे तेथील तरुण मंत्री जूलियो आन्द्रेओत्ती यांनी दे सिकाला उद्देशून जाहीर पत्र लिहिले. निमित्त होते ‘उम्बेर्तो डी’ या त्याच्या नव्या चित्रपटाचे. त्यात निवृत्तिवेतनावर जगू न शकणाऱ्या एका म्हाताऱ्याची कथा होती. विसाव्या शतकाच्या मध्यावरची इटली अशीच आहे असा जगाचा समज झाला तर दे सिकाने मातृभूमीची सेवा केली नाही असे म्हणावे लागेल, असा मंत्र्यांच्या म्हणण्याचा आशय होता. घरचे उणे चव्हाट्यावर मांडू नये, हे जगातल्या सर्व घरांतील थोरल्यांचे मत असते. सरकार हेही एक थोरलेच.

रशियाने याच्या अगदी उलट वस्तू पाठविली होती. ‘बर्लिनचा पाडाव’ हा दोन भागांचा भव्य रंगीत चित्रपट स्टालिनच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने तयार झालेला. दिग्दर्शक मिखाईल चिआउरेली, संगीत शोस्ताकोविचचे. युद्धाचे प्रसंग डोळे दिपविणारे होते. मात्र शेवटी शुभ्र पोशाखातील स्टालिन विमानाने बर्लिनला उतरतो आणि निरनिराळ्या देशांची मुक्त माणसे त्याचा जयजयकार करतात, असे जे दाखविले होते ते कधी घडलेच नव्हते. १९५६ मध्ये पक्षाच्या अधिवेशनात क्रुश्चेव्हने स्टालिनच्या व्यक्तिपूजेवर प्रहार केला, तेव्हा या चित्रपटाचा नाव घेऊन उपहास केला. पुढे तो रशियाच्या पडद्यावरूनही नाहीसा झाला. सरकारच्या आज्ञेने काढलेले राष्ट्राचे चित्र सहा वर्षे टिकले. सरकारच्या नाराजीने काढलेले अद्याप जगभर दाखविले जाते. एवढ्यावरून सरकारने चित्रपटाला हातच लावू नये असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल, कारण पुढे बंगालमध्ये याच्या विरुद्ध घडले. ते यथास्थळी येईल.

ब्रिटनने पाठविलेल्या लघुपटांत लोकरीच्या धंद्यावरील एक नृत्यपट होता. व्यापार आणि बॅले यांची सांगड घालण्याची कल्पना खास त्या देशाची. जपानकडून ‘युकिवारिसो’ आला. बर्फ फोडून वर येणाऱ्या एका रानफुलाचे हे नाव. जपानच्या चित्रसृष्टीकडे तेव्हा साऱ्यांचे लक्ष होते, कारण जेमतेम चार महिन्यांपूर्वी कुरोसावाच्या ‘राशोमोन’ला व्हेनिसचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले होते. अमेरिकेने प्रतिनिधी म्हणून प्रत्यक्ष फ्रँक काप्रालाच धाडले. ही निवड केवळ कलेच्या प्रेमापोटी नव्हती. मुंबईचा महोत्सव साम्यवादी देशांच्या प्रचाराचे व्यासपीठ होईल, ही धास्ती वॉशिंग्टनला वाटत होती आणि आपल्या बाजूने एक नामवंत माणूस असावा अशी भारतातील अमेरिकन राजदूत चेस्टर बोल्स यांची इच्छा होती.

अमेरिकेच्या बाजूने दाखविला गेलेला ‘द रिव्हर’ हा तर राष्ट्रीय चित्रपट या शब्दाचीच परीक्षा पाहणारा होता. दिग्दर्शक झाँ रन्वार फ्रेंच, कादंबरी रूमर गॉडन या इंग्रज लेखिकेची, जिचे बालपण पूर्व बंगालात गेले, पैसा अमेरिकन, आणि नदी, घाट, नावाडी, दिवाळीच्या पणत्या हे सारे बंगालचे. भारतात चित्रित झालेला हा पहिला टेक्निकलर चित्रपट. कागदोपत्री तो अमेरिकेचा, परंतु त्याचा खरा उपयोग भारताला झाला. स्थळे शोधण्यात रन्वारबरोबर फिरणाऱ्यांत जाहिरात कंपनीतला सत्यजित राय नावाचा एक तरुण होता. कलादिग्दर्शनाला हात लावणाऱ्यांत बन्सी चंद्रगुप्त होते, आणि चित्रण चालू असता कडेला उभे राहून वहीत प्रकाशाची टिपणे काढणाऱ्यांत सुब्रत मित्र. पुढे ‘पथेर पांचाली’ हे तिघे मिळून करणार होते. चित्रपटाचे राष्ट्रीयत्व त्याच्या कागदपत्रांवरून ठरवावे, भांडवलावरून ठरवावे की त्यातल्या मातीवरून ठरवावे, हा प्रश्न तेव्हापासून आजवर सुटलेला नाही.

यजमान देशाने स्वतःचे म्हणून जे चित्रपट मांडले त्यांत या प्रश्नाचे एक उत्तर होते. राज कपूरचा ‘आवारा’ हिंदी, अग्रदूत या मंडळीचा ‘बाबला’ बंगाली, के. व्ही. रेड्डी यांचा ‘पाताळभैरवी’ तेलुगू आणि व्ही. शांताराम यांचा ‘अमर भूपाळी’ मराठी. चारही १९५१ चे. फ्रान्स किंवा जपान यांना आपला चित्रपट म्हणताना भाषेचा विचार करावा लागत नाही. येथे मात्र एका राष्ट्राच्या नावाखाली चार भाषा, आणि चार भाषांत चार स्वभाव. ‘आवारा’ मुंबईच्या पदपथावरचा, गुन्हेगार जन्मतो की घडविला जातो असा वाद घालणारा. ‘बाबला’ एका गरीब मुलाची करुण कथा. ‘पाताळभैरवी’ मांत्रिक, राजकन्या आणि धाडसी तरुण यांची अद्भुत गोष्ट. आणि ‘अमर भूपाळी’ पेशवाईच्या अखेरीचा. राज्यघटनेने भाषांची अनुसूची केली होती, तिची जणू लहानशी सचित्र प्रतच पाहुण्यांच्या हाती दिली गेली.

‘अमर भूपाळी’ची निवड अनेक दृष्टींनी योग्य होती. होनाजी हा जातीचा गवळी, बाळा त्याचा गाणारा जोडीदार. त्यांच्या लावण्यांनी दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्याला वेड लावले. पण ज्या रचनेमुळे होनाजीचे नाव मराठी घराघरात राहिले ती पहाटेच्या वेळी म्हटली जाणारी भूपाळी. पंडितराव नगरकरांचा होनाजी, वसंत देसाई यांचे संगीत आणि लता मंगेशकरांचा स्वर, यांमुळे या चित्रपटाची गाणी महाराष्ट्राच्या ओठांवर बसली. त्याच वर्षी तो कानच्या स्पर्धेतही गेला. सजावटीची शांतारामांची हौस त्यात ठिकठिकाणी डोकावते हे खरे. तथापि गुरे राखणाऱ्या माणसाच्या तोंडी काव्य यावे आणि दरबाराने त्यासाठी ताटकळावे, ही त्यातील कल्पना सजावटीने झाकली जात नाही.

मात्र एक शंका मनात येते. इटलीचे चित्रपट कालच्या आणि आजच्या रस्त्याचे होते. मराठीचा प्रतिनिधी सव्वाशे वर्षे मागे का गेला? याचे कारण व्यापारात सापडते. ‘प्रभात’च्या वैभवकाळात ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ अशा जोड्या निघत. एकच कथा दोन भाषांत चित्रित होई आणि हिंदीच्या उत्पन्नातून मराठीचा खर्च निघे. ती पद्धत मोडली. शांतारामांनी १९४२ मध्ये ‘प्रभात’ सोडून मुंबईस परळला राजकमल उभारले. नटनट्या, तंत्रज्ञ, भांडवल सारे हिंदीच्या मोठ्या बाजारपेठेकडे वळले आणि आजचा सामाजिक विषयही त्यांच्याबरोबर गेला. मराठीकडे उरले ते हिंदीला नेता येण्याजोगे नव्हते: संत, शाहीर, तमाशा, ओवी, भूपाळी. म्हणजे ‘अमर भूपाळी’ ही मराठी चित्रपटाची श्रीमंती होती आणि तिच्यातच त्याच्या आक्रसण्याची खूणही होती. पुढल्याच वर्षी आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ निघाला आणि १९५४ च्या पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान मराठीला पुन्हा मिळाला तो ‘श्वास’मुळे; मध्ये पन्नास वर्षे गेली होती.

महोत्सवाचा सर्वांत गाजलेला परिणाम हिंदीत दिसला. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समधून मुंबईस आलेले बिमल रॉय आणि त्यांचे सहकारी ‘सायकलचोर’ पाहून भारावले. असा चित्रपट आपल्याकडे का होऊ नये या बोलण्यातून १९५३ चा ‘दो बीघा जमीन’ निघाला. मूळ कथा सलील चौधरींची. दोन बिघे जमीन वाचविण्यासाठी शंभू नावाचा शेतकरी मुलाला घेऊन कलकत्त्याला येतो आणि रिक्षा ओढू लागतो. बलराज साहनींनी या भूमिकेसाठी खरोखरच रिक्षा ओढण्याचा सराव केला. बाप, मुलगा आणि निर्दय शहर ही मांडणी दे सिकाची, हे कोणाच्याही लक्षात येईल. पण जमीन ही गोष्ट रोममध्ये नव्हती. ‘सायकलचोर’चा नायक नोकरी गमावतो, शंभू वाडवडिलांची माती गमावतो, शेवटी त्या मातीची मूठही त्याला नेऊ दिली जात नाही. त्याखेरीज चित्रपटात गाणी होती, आणि ती असावयास हवी होती. नांगरटीला गाणे लागते. १९५४ मध्ये कानने ‘दो बीघा जमीन’ला आंतरराष्ट्रीय पारितोषिक दिले. त्याच वर्षी सोव्हिएत देशात भारतीय चित्रपटांचा महोत्सव भरला आणि ‘आवारा’ने तेथे जे वेड लावले त्याच्या कथा अजून सांगितल्या जातात. मुंबईला ‘बर्लिनचा पाडाव’ पाठविणाऱ्यांच्या पदरी ‘आवारा’ पडला, ही देवघेव त्यांना फायद्याचीच ठरली.

सत्यजित रायांनी ‘सायकलचोर’ १९५० मध्ये लंडनमध्येच पाहिला होता. त्यांनी ‘पथेर पांचाली’चे चित्रण ऑक्टोबर १९५२ मध्ये सुरू केले. पैसे संपले, काम थांबले, आणि अखेर पश्चिम बंगाल सरकारने तो पुरा केला. नावात रस्ता असल्यामुळे ही रक्कम रस्ते-सुधारणेच्या नोंदीखाली दाखविली गेली, असे सांगतात; सरकारी हिशेबाची रीत ठाऊक असणाऱ्यास यात अशक्य असे काही वाटणार नाही. १९५६ मध्ये कानला या चित्रपटाचा गौरव झाला. आन्द्रेओत्तींचा आक्षेप मात्र येथेही पोहोचलाच, जरा उशिरा. १९८० मध्ये राज्यसभेच्या सदस्य असताना नर्गिस दत्त यांनी, रायांचे चित्रपट देशाचे दारिद्र्य परदेशात नेऊन दाखवितात, अशी टीका केली. त्या ‘आवारा’च्या नायिका. १९५२ मध्ये एकाच महोत्सवात मांडलेले दोन दृष्टिकोन अठ्ठावीस वर्षांनी असे समोरासमोर आले.

बिमल रॉय इटलीपासून शिकले यात उणेपणा नाही. पण शेतकऱ्याची जमीन जाणे आणि त्याने शहराची वाट धरणे हा विषय पडद्यावर आणावयास आपल्याला रोमची वाट पाहावी लागली होती काय? १९२५ मध्ये, म्हणजे ‘सायकलचोर’च्या तेवीस वर्षे आधी, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबुराव पेंटर यांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला होता. कथा ना. ह. आपटे यांची. सावकाराच्या कर्जात जमीन बुडालेला तरुण शेतकरी शहरात येतो आणि गिरणीत मजुरी करू लागतो, असा तिचा गाभा. पेंटर हे स्वतःचा कॅमेरा स्वतः तयार करणारे कारागीर. देवादिकांच्या चित्रपटांनी त्यांना नाव आणि पैसा दिला होता. त्या पुराणाच्या मळलेल्या वाटेवरून एकाएकी खाली उतरून त्यांनी शेताच्या बांधावर कॅमेरा ठेवला. प्रेक्षकांनी त्यांना फारशी साथ दिली नाही. दैवी चमत्कारांना सरावलेल्या डोळ्यांना सावकाराची वही पाहण्यात गोडी वाटली नाही. पेंटरांनी हाच विषय १९३६ मध्ये बोलपट म्हणून पुन्हा घेतला, यावरून त्यांचा जीव त्यात किती अडकला होता हे दिसते.

१९२५ च्या त्या चित्रपटात तरुण शेतकऱ्याचे काम केले होते व्ही. शांताराम यांनी. म्हणजे १९५२ मध्ये इटलीच्या वास्तववादाचे कौतुक सर्वत्र चालू असता, त्याच महोत्सवात ज्यांचा ‘अमर भूपाळी’ दाखविला जात होता त्या शांतारामांनी त्या वाटेवरचे पहिले पाऊल वयाच्या पंचविशीच्या आत स्वतः टाकलेले होते. महोत्सवात हे कोणाला दाखविता आले असते तर पाहुण्यांनाही नवल वाटले असते. पण दाखविणार काय? मूकपटांची रिळे सांभाळण्याची व्यवस्था देशात कोठेच नव्हती. बोलपट आल्यावर मूकपट निरुपयोगी ठरले. नायट्रेटची फिल्म पेट घेई, सडे, आणि तिच्यातील चांदीसाठी भंगारातही विकली जाई.

शांतारामांना याची जाणीव असावी असे मानण्यास आधार आहे. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीचे ते एक सदस्य होते. १९५१ मध्ये सादर झालेल्या या समितीच्या अहवालात चित्रपटाला कर्ज देणारे महामंडळ, शिक्षण देणारी संस्था अशा सूचना होत्या. महोत्सवाने या सूचनांना निकड आणली, तरी त्या अंमलात यावयास दशक उलटले. १९६० मध्ये वित्त महामंडळ स्थापन झाले आणि त्याच वर्षी पुण्याला ‘प्रभात’च्या जुन्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. दरम्यान सरकारचे चित्रपटाशी असलेले नाते एकसुरी होते असेही नाही. १९५२ मध्येच डॉ. बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरील चित्रपटगीतांवर कात्री चालली. एकाच खात्याने एका हाताने जगाचे चित्रपट आणले आणि दुसऱ्या हाताने आपल्या चित्रपटांची गाणी बाहेर काढली! श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, ते १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाल्यावर हळूहळू परतले.

दुसरा आंतरराष्ट्रीय महोत्सव व्हावयास १९६१ उजाडावे लागले. तो दिल्लीत झाला. तिसरा १९६५ चा, त्यात प्रथमच स्पर्धा आली, परीक्षकांचे अध्यक्ष सत्यजित राय होते आणि सुवर्णमयूर मिळाला लेस्टर जेम्स पेरीस यांच्या ‘गंपेरलिय’ या सिंहली चित्रपटाला. मोठ्या राष्ट्रांच्या रांगेत उभ्या असलेल्या एका लहान बेटाने बाजी मारली. १९७८ पासून भारतीय भाषांतील निवडक चित्रपटांसाठी ‘इंडियन पॅनोरमा’ हा विभाग महोत्सवात आला. १९५२ च्या चार भाषांची ती वाढलेली पंगत होय. २००४ पासून महोत्सव गोव्यात स्थिरावला. पुण्यामुंबईचे स्वतंत्र महोत्सव उभे राहिले. १९७५ मध्ये बर्लिनला जब्बार पटेलांचा ‘सामना’, २०१४ मध्ये व्हेनिसला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’, अशी मराठीची हजेरी पुन्हा लागू लागली, आणि आता ती पेशवाईतून नव्हे, तर साखर कारखान्याच्या गावातून आणि कनिष्ठ न्यायालयाच्या खोलीतून.

१९६४ च्या फेब्रुवारीत पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, चित्रपटकारांच्या वारसांच्या घरांतून, गुदामांतून मिळेल ते रीळ जमा केले. फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ त्यामुळे वाचला. तरीही भारतात तयार झालेल्या हजाराहून अधिक मूकपटांपैकी आज पाहता येण्याजोगे फारच थोडे आहेत, आणि २००३ च्या जानेवारीत पुण्यातील नायट्रेटच्या कोठीला लागलेल्या आगीने ‘प्रभात’च्या मूळ प्रतींवरही घाला घातला. बाबुराव पेंटरांच्या मूकपटांचे काही तुकडे संग्रहालयात आहेत. १९२५ चा ‘सावकारी पाश’ त्यांत नाही. तो पाहिलेल्यांपैकी जे. बी. एच. वाडिया यांनी पुढे त्याची आठवण नोंदवून ठेवली: मंद प्रकाशात दिसणारी एक उदास झोपडी, आणि तिच्या जवळ रडणारा एक कुत्रा. चित्रपट मूक होता. वाडियांना मात्र त्या कुत्र्याचे रडणे ऐकू आल्यासारखे आठवत होते.